अम्माचं पाणी

मस्कतच्या विमानतळावर आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्या पायाजवळच्या एका कॅनकडे बोट दाखवून विचारलं, "हे तुमचं आहे का?" मी म्हणालो, "नाही." तो कॅन मीच तिथे आणून ठेवला होता. एका माणसाने विश्वासाने माझ्या हाती दिला होता. पुढे मी जे जे केलं ते सगळं या एका 'नाही'तून निघालं, आणि त्यातलं काहीही दुसऱ्या कुणी माझ्याकडून करवून घेतलं नाही.

ज्यांच्यासाठी ते पाणी होतं त्या अम्मा आता नाहीत. त्यांच्या मुलाला विचारून मी हे लिहितो आहे. शेवटी मी माफी मागितली, पण त्यावर अम्मा काय म्हणाल्या ते मी लिहिणार नाही. ते लिहिलं तर मी ते स्वतःच्या सुटकेसाठी वापरल्यासारखं होईल.

मी इंग्रजीचा शिक्षक. पोलादपूर तालुक्यात, कशेडी घाटाच्या पायथ्याशी आमची बौद्धवाडी आहे. कुडपणच्या वाटेवरच्या एका विनाअनुदानित हायस्कुलात मी बरीच वर्षं शिकवलं. अनुदान पुढच्या वर्षी नक्की, असं दरवर्षी ऐकायचो. मुलं डोंगरावरून चालत खाली यायची, पावसाळ्यात निम्मा वर्ग रिकामा असायचा. बायको शिवणकाम करायची आणि घर खरं तर तिच्या मशीनवर चालायचं. चाळिशी ओलांडल्यावर मी मुंबईतल्या एका एजन्सीकडे अर्ज केला. आखातातल्या भारतीय शाळांना इंग्रजीचे शिक्षक हवे होते. मुलाखतीच्या आधी मी रोज आरशासमोर उभा राहून इंग्रजीत बोलत असे. मुलगी दाराआडून हसायची. "बाबा, बातम्या संपल्या की जेवायला या," म्हणायची.

निवड झाली तेव्हा वाडीने समाजमंदिरात माझा सत्कार केला. आमच्या भागातून परदेशी जाणं काही नवं नाही. महाडच्या मुसलमान मोहल्ल्यांत घरटी एखादा माणूस आखातात असतो. पण ते गाडी चालवायला, दुकानात उभे राहायला, इमारती बांधायला गेलेले. शिकवायला जाणारा निदान आमच्या वाडीतला तरी मी पहिलाच. सत्काराला आई पुढे बसली होती. तिने मधेच विचारलं, "तिकडच्या पोरांना तू काय शिकवनार रं?"

"इंग्रजी, आये."

"ती तर सायबाची भाषा. मग सायेबच का नाय जात शिकवायला?"

सगळे हसले. मीही हसलो. पण ओमानला पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात मला तो प्रश्न परत परत आठवू लागला.

शाळा मस्कतपासून लांब, आतल्या भागात होती. चारी बाजूंना उघडे तपकिरी डोंगर. शिक्षक केरळचे, दिल्लीकडचे, काही मुंबई-पुण्याचे. सगळे इंग्रजी माध्यमात शिकलेले. ते आपसात भांडायचेदेखील इंग्रजीत. मी मराठी शाळेत शिकलो, इंग्रजी पुस्तकातून उचललं. माझं व्याकरण त्यांच्यापेक्षा पक्कं होतं, पण बोलताना प्रत्येक वाक्य मी आधी मनात लिहून काढायचो आणि तोवर गप्पा पुढे गेलेल्या असायच्या. कुणी विचारलं, तुम्ही कुठले, की मी सांगायचो, "मुंबईचा." महाडचं नाव मी घेतलं नाही, पोलादपूर तर दूरच. मुख्याध्यापिकाबाई दिल्लीकडच्या, रुबाबदार. त्यांनी एकदा पालकांसमोर माझी ओळख "आमचे मुंबईचे अनुभवी शिक्षक" अशी करून दिली. मी मान हलवली. त्या दिवसापासून हे खोटं सांभाळणं हे माझं शिकवण्याइतकंच काम होऊन बसलं.

शाळेच्या बसचा ड्रायव्हर मात्र सगळं ओळखून होता. आम्ही शिक्षक मुलांच्याच बसने जायचो. एका सकाळी मी मागच्या बाकावर बसून हळू आवाजात बायकोशी फोनवर बोलत होतो. "अगो, दरड परत पडली काय? मग पोरगी क्लासला कशी गेली?" फोन ठेवला तेवढ्यात पुढून आवाज आला.

"मास्तर, दरड कशेडीत पडली का वरंध्यात?"

मी दचकलो. आरशात दोन डोळे हसत होते.

"कशेडीत," मी म्हणालो.

"मग आमचा मामू गेला अडकून. खेडला गेलाय. ट्रकवाल्यांच्या मागं बसला असंल शिव्या घालीत."

तो महाडचा. सावित्रीच्या बाजूला उतरणाऱ्या एका गल्लीत त्याचं घर. माझ्याहून थोडा मोठा, म्हणून मी त्याला भाई म्हणू लागलो. तो मला मास्तर म्हणायचा. पहिल्या महिन्यात मला खोली मिळाली नव्हती तेव्हा त्याने मला आपल्या खोलीत झोपायला जागा दिली, तांदळाची भाकरी आणि कालवण जेवायला घातलं. रात्री जेवताना आम्ही गावचं बोलायचो. महाडच्या एसटी डेपोतला वडा कुणाचा चांगला, कोर्टाजवळचा न्हावी अजून आहे की गेला. तेवढा वेळ मला मनात वाक्य लिहावं लागायचं नाही.

पण शाळेच्या आवारात मी त्याच्याशी इंग्रजीत बोलायचो. "गुड मॉर्निंग" म्हणायचो आणि पुढे निघून जायचो. त्याला ते कळत होतं. एकदा म्हणाला, "मास्तर, गेटच्या आत गेलात की तुमी इंग्रज होता." हसत म्हणाला.

आखातातल्या आमच्याकडच्या लोकांची एक रीत आहे. कुणी सुट्टीवर निघाला की ती बातमी आधी पसरते, आणि मग ज्याच्या त्याच्या घरचं सामान त्याच्याकडे येतं. औषधं, खजूर, बाळाचे कपडे, चष्मा. नाही म्हणायचं नसतं. स्वतःच्या पिशवीतलं काढायचं, पण दुसऱ्याचं ठेवायचं. गावी पोचलं की घरोघर जाऊन आपल्या हाताने द्यायचं, आणि परत निघताना त्या घरांतून जे येईल ते घेऊन यायचं. पैसे देऊन कुरिअर करता येतं, पण त्याला कुणी सामान पोचलं असं म्हणत नाही. ज्याने घेतलं त्याने हातात दिलं तरच ते पोचलं.

माझी पहिली सुट्टी जवळ आली तेव्हा भाई नुकताच बसने मक्केला जाऊन उमरा करून आला होता. तिथल्या झमझमच्या विहिरीचं पाणी त्याने महाडला आईसाठी, अम्मासाठी, आणलं होतं. हे पाणी त्यांच्यात फार पवित्र. उभं राहून, किब्ल्याकडे म्हणजे मक्केच्या दिशेला तोंड करून पितात, आजाऱ्याला देतात, आणि माणूस जायला निघाला की त्याच्या तोंडात त्याचे थेंब घालतात. भाईने पांढरा प्लास्टिकचा कॅन स्वतः नळावर भरला होता. त्याला मांजरपाटाचं कापड शिवलं होतं, वरून सुतळीची जाळी, आणि कापडावर मार्करने मोठ्या अक्षरांत अम्माचं नाव.

"मास्तर, वजन जास्त झालं तर माझे खजूर काढा. पाणी नका काढू."

"काळजी करू नका," मी म्हणालो.

विमानतळापर्यंत मी कॅन नीट सांभाळला. रांगेत उभा राहिलो तेव्हा मागून हाक आली. मुख्याध्यापिकाबाई. त्यांना मुंबईमार्गे दिल्लीला जायचं होतं. बरोबर एक विज्ञानाच्या बाई होत्या. दोघींकडे चाकांच्या सुंदर बॅगा. आमच्या आजूबाजूला कामगार मंडळी, दोरीने बांधलेली खोकी, ब्लँकेटं, कॅन. विज्ञानाच्या बाई इंग्रजीत म्हणाल्या, ही माणसं विहिरीवर निघाल्यासारखी विमानात चढतात. मुख्याध्यापिकाबाई हसल्या. मग त्यांचं लक्ष माझ्या पायाशी गेलं. सुतळी, मांजरपाट, उर्दू वळणाच्या मराठी अक्षरांतलं नाव.

"हे तुमचं आहे का?"

"नाही," मी म्हणालो. वर इंग्रजीतच आणखी एक वाक्य बोललो. "कुणीतरी विसरलेलं दिसतंय." हे वाक्य मी मनात न लिहिताच बोललो, अगदी सफाईने.

रांग पुढे सरकली. मी बॅग ढकलत पुढे गेलो आणि कॅन खांबाजवळ राहिला. काउंटरवर माझं वजन बसत होतं. कॅन घेऊनही बसलं असतं. मला वाटलं होतं, बाई कॉफीला वगैरे जातील, मग मी धावत मागे येईन. त्या गेल्या नाहीत. "चला, बरोबरच जाऊ," म्हणाल्या. मी एकदा वळून पाहिलं. कॅन तिथेच होता, लोक त्याला वळसा घालून जात होते.

मुंबईला उतरून फोन चालू केला तर लगेच वाजला. "पोचलात, मास्तर? पाणी नीट हाय ना?"

त्याच क्षणी खरं सांगता आलं असतं. निदान अर्धं खोटं तरी, की काउंटरवर नेऊ दिलं नाही. भाई हळहळला असता आणि विसरला असता. पण त्याच्या आवाजात एवढा आनंद होता, आणि मी इतका घाबरलो होतो, की तोंडातून निघालं, "हो, हाय की."

"अम्माने गल्लीत सांगून ठेवलंय. तुमी परवा जा. परवा जुम्मा हाय."

घरी पोचलो. बायको, मुलगी, आई, वाडीतले लोक, चॉकलेटं, फोटो. मला काही गोड लागत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पोलादपूरच्या बाजारात एक तसाच पांढरा कॅन मिळाला. तो घेऊन मी वाडीच्या वरच्या झऱ्यावर गेलो. कातळाला लावलेल्या पाइपातून बारा महिने पाणी येतं, थंड आणि स्वच्छ. मी कॅन विसळला आणि भरायला लावला. बायको हंडा घेऊन आली.

"हे कसलं पाणी भरताय?"

"गाडीला," मी म्हणालो. "मित्राची गाडी येणार आहे उद्या, तिच्या रेडिएटरला."

ती हंडा भरून गेली. मी झाकणावर टेप गुंडाळत बसलो.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती न सांगणं ही आणखी एक लपवाछपवी होईल. हा झरा आमच्या आजोबांच्या वेळी आमचा नव्हता. वरच्या लोकांनी भरून झाल्यावर खाली वाहून आलेलं पाणी आमच्या वाडीने भरायचं, अशी वहिवाट होती. माझे वडील दरवर्षी मला महाडला चवदार तळ्यावर घेऊन जायचे, गर्दीत खांद्यावर बसवायचे आणि म्हणायचे, "बघ, पानी बघ." त्यांना दुसरं काही समजावता यायचं नाही, पण मला समजायचं. पाणी एखाद्याला काय असतं हे मला कुणी शिकवण्याची गरज नव्हती. आणि मी एका म्हाताऱ्या बाईला तिचं पाणी म्हणून भलतंच पाणी नेऊन दिलं.

शुक्रवारी महाडला गेलो. अम्मा दारातच होत्या. लहानशा चणीच्या, पांढरी ओढणी, एका डोळ्याला मोतीबिंदू.

"या मास्तर, या. चपला राहू द्या हो पायात."

मी कॅन पुढे केला. "वरचं कापड विमानतळावर काढायला लावलं," म्हणालो. त्यांनी ऐकलंसुद्धा नाही. दोन्ही हातांनी कॅन जवळ घेतला, तान्हं मूल घ्यावं तसा. शेजारपाजारच्या बायका जमल्या होत्या. अम्मांनी सुनेला हाक मारली, "काय गो, बघत काय बसलीस, वाट्या आण." मग त्या उठून उभ्या राहिल्या, पश्चिमेकडे तोंड केलं, पुटपुटल्या आणि प्यायल्या. एकेका बाईला वाटीत थोडं थोडं दिलं. एक शेजारीण हज करून आलेली होती. तिने घोट घेतला आणि म्हणाली, "अम्मा, आमी आणलं होतं ते जरासं खारट लागायचं बग. हे गोड हाय."



"तुजं पाणी किती वरसं कपाटात पडून होतं," अम्मा म्हणाल्या. "खारट नाय तर काय होईल? उद्या लोणचं झालं बोलशील."

सगळ्या हसल्या. शेजारीणही हसली. अम्मांनी एक वाटी भरून माझ्यापुढे धरली. "तुमी उचलून आणलंत येवढ्या लांबून. घ्या." मी उभा राहून प्यायलो. आमच्या झऱ्याची चव मला डोळे मिटून ओळखता येते.

निघताना त्यांनी मुलासाठी आंबोशी, सुकट आणि पोह्याचे पापड दिले. ते मी अगदी व्यवस्थित नेले. त्यातला एक पापडही मोडू दिला नाही. तिकडे पोचल्यावर भाईने मला मिठी मारली. "अम्मा बोलते, मास्तरसारखा माणूस नाय. निम्मं पाणी तिनं वाटलं, बाकीचं शेवटच्या घोटाला ठेवलंय. कुणाला हात लावू देत नाय."

शेवटच्या घोटाला. हे शब्द मी त्यानंतर रोज बसमध्ये चढताना ऐकायचो, तो काही बोलला नाही तरी. मी त्याच्या खोलीवर जाणं कमी केलं. तो समजला, मास्तरांच्या आता मोठ्या लोकांशी ओळखी झाल्या. वर्गात मात्र मी चांगला शिकवत होतो. मुलं धीटपणे बोलायला लागली होती, पालक खूश होते. मुख्याध्यापिकाबाईंनी माझं कौतुक केलं. मी ज्याच्यासाठी गेलो होतो ते सगळं मला मिळत होतं आणि मला तोंड वर करून बघवत नव्हतं.

मग तो पावसाळा आला ज्यात सावित्री महाडच्या घराघरांत शिरली. आम्ही तिकडे मोबाइलवर आपलं गाव पाण्यात बघत होतो, फोन लागत नव्हते. आमची वाडी उंचावर, वाचली. भाईच्या घराची खबर उशिरा आली. सकाळी बस थांबवून, मुलं आणि बाकीचे शिक्षक उतरल्यावर, त्याने मला सांगितलं.

"टीव्ही गेला, फ्रिज गेला, तांदळाचं पिंप तरंगत दाराबाहेर गेलं. अम्मा माळ्यावर चढली ती कुराण आन् कॅन घेऊन. मामू वरून वरडतोय, म्हातारे, तो कॅन ठेव, मला हात दे. ती खाली कमरेएवढ्या पाण्यात उभी. बोलते, आधी कॅन घे, मग मला घे." तो हसत होता आणि रडत होता. "सगळं गेलं, मास्तर. पाणी वाचवलं तिनं."

बसमध्ये आम्ही दोघंच होतो. मी बोलायला तोंड उघडलं. "भाई," म्हणालो, आणि थांबलो. त्याने डोळे पुसले, इंजिन चालू केलं. "उतरा मास्तर, बेल झाली."

मी उतरलो. त्या दिवशी न बोलणं हे विमानतळावरच्या 'नाही'पेक्षा वाईट होतं. तेव्हा निदान मला विचार करायला वेळ मिळाला नव्हता.

काही काळाने शाळेने माझा करार वाढवला नाही आणि मी परत आलो. पोलादपुरात एसटी स्टँडजवळ खोली घेऊन इंग्रजी बोलण्याचा क्लास काढला. एका विद्यार्थ्याने हौसेने फ्लेक्स केला, त्यावर विमान आणि खाली "परदेशात शिकवण्याचा अनुभव". महाडला कामासाठी जावंच लागायचं. डेपोतून बाजारात जाताना मी अम्मांची गल्ली टाळून मागच्या रस्त्याने जायचो. वाट लांब पडायची. एकदा त्यांच्या सुनेने बाजारात बघितलं. "मास्तर, अम्मा विचारतात तुम्हाला, येत नाही घरी?" मी म्हणालो, "क्लासमुळे वेळच नाही हो."

मागच्या वर्षी भाईचा फोन आला. तो महाडहूनच बोलत होता. "अम्मा बरी नाय. डॉक्टर बोलले, घरी न्या, घरच्यांत राहू द्या. तुमची आठवण काढते. पाणीवाले मास्तर बोलते तुमाला. येऊन जा."

त्या संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. ती मशीनवर होती. पाय थांबवून ऐकत राहिली.

"गाडीला म्हणाला होतात ना?" ती म्हणाली. एवढ्या वर्षांनी तिला ते आठवत होतं.

"हो."

"आन् त्या बाईच्या तोंडात आता तेच घालणार ती लोकं?"

"हो."

"मग हितं काय बसलायत?"

शेवटची एसटी गेली होती. सकाळी पहिली पकडून महाडला उतरलो आणि या वेळी सरळ त्या गल्लीत गेलो. भाई ओट्यावर बसला होता, दाढी वाढलेली. मला बघून उठला. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं, विमानतळापासून झऱ्यापर्यंत. मधे कुठे थांबलो असतो तर परत सुरू करता आलं नसतं. कारण सांगायला गेलो, त्या बाई, ती रांग, पण ते इतकं हलकं वाटलं की अर्ध्यावर सोडून दिलं.

तो ओरडेल, मारेलसुद्धा, असं मला वाटलं होतं. त्याने गल्लीकडे तोंड फिरवलं.

"कुठं ठेवलास?"

"खांबाजवळ. खाली."

"मक्केवरनं येताना बसमधी मी तो पायाखाली नाय ठेवला," तो म्हणाला. "मांडीवर ठेवला होता. सगळी वाट." मग म्हणाला, "एक फोन करायचास ना. भाई, राहिलं बोलायचंस. ह्या गल्लीत घरटी झमझम हाय. मी कुणाकडनं पण अम्माला दिलं असतं."

ते खरं होतं. मला ते कधी सुचलंच नव्हतं. मी फक्त माझी अब्रू कशी वाचेल एवढंच बघत होतो, तिचं पाणी कुठून येईल हे नाही.

भाई समोरच्या दारात गेला. तीच हजला जाऊन आलेली शेजारीण बाहेर आली.

"चाची, जरा झमझम द्या."

"अरे, तुमच्याकडं कॅन हाय ना ठेवलेला?"

"हाय," तो म्हणाला. माझ्याकडे त्याने बघितलं नाही. "तरी द्या."

ती आत गेली आणि काचेची छोटी बाटली घेऊन आली. बाटली मुठीत धरून तो माझ्याजवळ आला. "अम्मा शुद्धीत हाय. मी तिला नाय सांगणार. तू सांग."

आत अम्मा खिडकीजवळ खाटेवर होत्या, फारच लहान झालेल्या. उशाशी स्टुलावर तो कॅन होता, वर क्रोशाचा रुमाल. प्लास्टिक पिवळं पडलं होतं आणि एका बाजूला पुराच्या चिखलाचा डाग होता, पुसूनही न गेलेला.

"कोण? पाणीवाले मास्तर?"

"हो, अम्मा."

"शिकवता का अजून?"

"शिकवतो."

"आमच्या नातवाला घ्या तुमच्याकडं. त्याला इंग्रजीचा एक शब्द येत नाय. नुसता मोबाइल." त्यांनी हात चाचपत पुढे केला. मी तो धरला आणि खाटेजवळ जमिनीवर बसलो. भाई दारात उभा होता. मी आदल्या रात्री मनात वाक्यं लिहून ठेवली होती, चांगली, नीट लावलेली. त्यांतलं एकही आठवलं नाही.

"अम्मा," मी म्हणालो, "भाईने दिलेलं पाणी मी तुम्हाला आणून दिलंच नाही. विमानतळावर बरोबरच्या बाईंनी विचारलं, हे तुमचं का, तर मला त्यांच्यासमोर लाज वाटली आणि मी नाही म्हणालो. तिथेच टाकून आलो. ह्या कॅनमधलं पाणी आमच्या वाडीच्या झऱ्याचं आहे. मी भरलं आणि तुम्हाला झमझम म्हणून दिलं. तुम्ही पुरात उभं राहून ते वाचवलंत, ते मला कळलं तरी मी गप्प बसलो. तुमचं खरं पाणी भाईच्या हातात आहे, ते आत्ता आणलंय. मी तुमच्याशी फार वाईट वागलो. मला माफ करा, अम्मा."